सातव्या मजल्याचं झाकण

कचऱ्याच्या नळ्या साफ करणं हा माझा धंदा. उंच इमारतींमध्ये प्रत्येक मजल्यावर जिन्याजवळच्या भिंतीत एक लोखंडी झाकण असतं. ते ओढायचं, पिशवी आत सोडायची आणि विसरून जायचं. झाकणामागे गच्चीपासून तळापर्यंत गेलेला पत्र्याचा जाड नळ असतो. त्याला आम्ही चूट म्हणतो. लोक जे विसरतात ते त्या नळाच्या अंगाला चिकटून राहतं, आणि सहा महिन्यांनी वास सुटला की आम्हाला बोलावणं येतं.

आम्ही म्हणजे मी आणि माझा मेहुणा. मी गच्चीवर, तो तळाच्या कचराखोलीत, मध्ये वॉकीटॉकी. तो बडबड्या, मी घुमा. बायको म्हणते, तुमच्या वाट्याचं तोंडही माझ्या भावालाच मिळालं. पण बावीस वर्षांत आम्हा दोघांना साधं खरचटलेलंही नाही, कारण नियमांच्या बाबतीत मी कोणाच्या बापाचं ऐकत नाही. आधी मजल्यामजल्यावर कागद चिकटवायचा, अकरा ते चार कचरा टाकू नये म्हणून. मग प्रत्येक झाकणाला कुलूप आणि लाल पट्टी. तळाचं सरकतं दार लावल्याशिवाय मेहुण्याने नळाच्या तोंडाखाली जायचं नाही. आणि सगळ्यांत मोठा नियम म्हणजे झाकणातून डोकं आत घालायचं नाही. कोणीही, कशासाठीही. चौदाव्या मजल्यावरून सुटलेली बाटली खाली पोचेपर्यंत बाटली राहत नाही.

ही इमारत चौदा मजल्यांचीच होती. आमचं जुनं गिऱ्हाईक. त्या दिवशी मी वरून एकेक झाकण बंद करत उतरत होतो. सातव्यावर आलो तर एक म्हातारे गृहस्थ झाकण उघडं धरून आत बोलत होते.

"...म्हणून मग आज खिचडीच टाकली. गॅस बंद केलाय, बघून आलो दोनदा."

मी खाकरलो. ते दचकले नाहीत. मागे वळून म्हणाले, "लावा कुलूप, माझं झालं. तुम्ही झाकणवाले ना? आत काही अडकलेलं असलं तर सापडतं का हो?"

"काय पडलंय, काका?"

"बायकोचं बोलणं," ते म्हणाले.

म्हातारपणी माणूस काहीही बोलतो असं समजून मी पुढे सरकणार होतो. पण त्यांनी मला दारातच खुर्ची दिली, आणि का कोण जाणे, मी बसलो.

काका आयुष्यभर दवाखान्यात कंपाउंडर होते. अकरा वर्षांपूर्वी काकूंच्या घशाची शस्त्रक्रिया झाली आणि त्यांचा आवाज गेला. तेव्हापासून त्या लिहून बोलत. गळ्यात दोरीने बांधलेली पेन्सिल आणि खिशात मावेल एवढी, निळ्या समासाची वही. काका तोंडाने बोलायचे, काकू पेन्सिलीने. अशा चौसष्ट वह्या झाल्या. काकू गेल्या त्याला दोन महिने झाले होते. मुलगी परगावाहून आली, घर आवरायला काढलं, आणि काका दुपारचे झोपलेले असताना तिने चौसष्टच्या चौसष्ट वह्या दोन पिशव्यांत भरून झाकणातून खाली सोडल्या.

"तिची चूक नाही," काका म्हणाले. "तिला वाटलं, मी रोज वाचत बसतो आणि रडतो. रडत नव्हतो हो. गप्पा मारत होतो."

उशीखाली राहिलेली एक अर्धी वही त्यांनी मला दाखवली. बारीक, डावीकडे कललेलं अक्षर. 'नाही, कालचीच आहे.' 'तुम्हीच म्हणालात.' 'मग उद्या.' 'हसू नका.' नुसती अर्धी बोलणी. उरलेली अर्धी काकांना तोंडपाठ होती. एकेका ओळीवर बोट ठेवून ते आपलं वाक्य म्हणत, मग काकूंचं दाखवत. मला उगाचच वाटलं की आपण दुसऱ्याच्या घरात नको त्या वेळी आलो आहोत.

"बघतो," मी म्हणालो. "पण दोन महिन्यांत किती गाड्या कचरा गेला असेल, काका. आशा धरू नका."

खाली कचराखोलीत मावशी भेटल्या. कोरडं-ओलं वेगळं करणाऱ्या. त्यांना कुठल्या मजल्यावरून काय येतं हे पिशवीच्या गाठीवरून कळतं. मी वह्यांचं विचारलं तर म्हणाल्या, "मुलीने मला आधी सांगून टाकल्या होत्या, कागद वेगळा काढा म्हणून. मी इथेच उभी होते. वरून पडल्याचा आवाज आला. खाली काही आलं नाही."

"म्हणजे अडकल्या."

"दोन पिशव्या अडकल्या तर वरचा कचरा तुंबेल ना. तो रोज येतोय की."

ते खरंच होतं. तरी मी आधी कॅमेरा सोडला. तारेच्या टोकाला दिवा, कॅमेरा, आणि तारेवर दर दहा फुटांवर पिवळी चिकटपट्टी. दोन मजल्यांमध्ये अंतर दहा फूट, म्हणजे एक पट्टी सरकली की पडद्यावर पुढचं झाकण दिसायला हवं. चौदा, तेरा, बारा. नळ काळपट, तेलकट, पण मोकळा. आठ. सात. सातव्यानंतर मी दहा फूट तार सोडली आणि पडद्यावर झाकण आलं. 'सहा,' मी स्वतःशी म्हणालो. पुढची दहा फूट सोडली. पुन्हा झाकण, आणि त्याच्या आतल्या अंगाला मघाशी कुलूप लावण्याआधी मीच खडूने मारलेली सहाव्या मजल्याची खूण.

मी तार वर घेतली. परत सोडली. तीनदा मोजलं. सात आणि सहाच्या मध्ये एक झाकण जास्त होतं.

मेहुण्याला सांगितलं तर तो म्हणाला, "भावोजी, चष्म्याचा नंबर वाढलाय तुमचा." मी सात आणि सहाच्या मधल्या जिन्यावर जाऊन भिंत हाताने चाचपली. सपाट, रंगवलेली. ठोकून पाहिली, भरीव. जिन्याच्या पायऱ्याही बाकी मजल्यांइतक्याच होत्या, मोजल्या मी. तार ताणली असेल, पट्टी सरकली असेल, असं म्हणून मी तो विषय मिटवला. काम पडलं होतं.

मग फिरता ब्रश सोडला. त्याच्या भोवती कढत पाण्याचे फवारे असतात, पाण्यात जंतुनाशक. नळातून घरघर आणि वाफ येऊ लागली. ब्रश सातव्याच्या खाली गेला आणि वॉकीटॉकीवर मेहुणा म्हणाला, "कागद आला एक."

"वहीचा?"

"निळा समास आहे. भावोजी, कोरडा आहे हा."

"कढत पाण्यातून कोरडा कसा येईल?"

"तेच म्हणतोय मी." मेहुणा क्षणभर बोलला नाही, आणि तो बोलला नाही याचंच मला नवल वाटलं. मग त्याने वाचलं, "'पाण्याचा आवाज कसला येतोय?' एवढंच आहे."

जुन्या वहीतलं पान असणार. कधीतरी नळ फुटला असेल, काकूंनी विचारलं असेल. मी तो कागद काकांना नेऊन दिला आणि हेच सांगितलं. काकांनी तो दोन्ही हातांनी धरला. बराच वेळ त्यांचे ओठ हलत होते. मग हळूच म्हणाले, "हे तिने कधी लिहिलं नव्हतं. अकरा वर्षांतलं सगळं पाठ आहे मला."

मी झाकणाकडे वळलो. त्यांच्या मजल्यावरच्या झाकणाची स्प्रिंग तुटलेली होती, तेवढं बोललो. झाकण आपोआप मिटावं म्हणून ती स्प्रिंग असते. ती नसेल तर कचराखोलीत आग लागल्यास धूर मजल्यावर यायला वेळ लागत नाही. नवी स्प्रिंग येईपर्यंत असं झाकण कुलूपबंद ठेवायचं असतं, हा नियम; आणि ती यायला आठवडा लागणार होता. काकांनी कुलपाकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"आठवडाभर?" ते म्हणाले.

बावीस वर्षांत पहिल्यांदाच नियम मोडून मी लावलेलं कुलूप काढून खिशात टाकलं.

आठवड्याने स्प्रिंग घेऊन गेलो. काकांनी दार उघडलं तेव्हा मी त्यांना ओळखलंच नाही. गुळगुळीत दाढी, इस्त्रीचा सदरा, गालांवर रंग. टेबलावर निळ्या समासाचे एकोणीस कागद ओळीने मांडलेले. मावशी रोज आणून देत होत्या. "त्या बिचाऱ्या काही विचारत नाहीत," काका म्हणाले. "तुम्हीही विचारू नका. वाचा."

मी वाचले. 'खिचडीत मीठ बेताने.' 'तो नाही, निळा सदरा घाला.' 'गुडघ्याला तेल लावलंत का?' 'हो, ऐकतेय.' 'मला काही होत नाही इथे. कंटाळा तेवढा येतो.' आणि शेवटचा, त्या दिवशी सकाळचा. 'आवाज लांबून येतो. जरा जवळ या ना.'

"काका," मी म्हणालो, "तुम्ही आत डोकं घालत नाही ना?"

"कंपाउंडरला औषधाची मात्रा शिकवता का?" ते हसले.

"काका, मी हात जोडतो. वरून कोणी काय टाकेल सांगता येत नाही. एक नारळाएवढी वस्तूही..."

"नाही घालत हो."

मी हत्यारं काढली. तेव्हा ते जवळ येऊन, लहान मुलाने मागावं तसं म्हणाले, "ही नवी स्प्रिंग फार जोराची आहे. माझ्याने एका हाताने झाकण धरवणार नाही. उद्या तिचा वाढदिवस. दोन दिवस राहू द्या. परवा या, मी स्वतः धरून उभा राहतो."

माझी आई गेली तेव्हा मी असाच कुठल्याशा इमारतीच्या गच्चीवर होतो. तिचा शेवटचा फोन मी ब्रशच्या घरघरीत ऐकला नाही. हे मी कोणाला सांगत नाही. काकांनाही सांगितलं नाही. स्प्रिंग पिशवीत परत टाकली आणि म्हणालो, "परवा सकाळी येतो."

परवा सकाळी मी निघण्याआधी मॅनेजरचा फोन आला.

काकांच्या घराचं दार उघडं होतं. गॅस बंद. चपला झाकणाखाली, जोडीने, पुढचा भाग भिंतीकडे करून ठेवलेल्या. काका कुठेही नव्हते. फाटकावरच्या माणसाने त्यांना बाहेर जाताना पाहिलं नव्हतं. पोलीस आले. यातून माणूस जाईल का, हे त्यांनी विचारायच्या आधीच मी नकारार्थी मान हलवली. त्या झाकणाचं तोंड मी नंतर मोजून पाहिलं आहे. माणसाचं डोकं जातं, एक खांदा जातो. दुसरा जात नाही. पोलिसांनाही ते दिसत होतं. तरी खाली सगळा कचरा उपसला गेला, आणि मी कॅमेरा सोडला.

नळात काही नव्हतं. रक्त नाही, कापडाचा धागा नाही. सात ते सहा, वीस फूट. मधलं झाकण तिथेच होतं. या वेळी त्याच्या चारी कडांनी पिवळसर उजेडाची रेघ होती. पलीकडच्या खोलीत दिवा लावलेला असावा तशी.

मेहुणा माझ्या शेजारी उभा राहून पडद्याकडे बघत होता. "भावोजी," तो म्हणाला, "वर घ्या तार. चला घरी."

पोलिसांना मी ती रेघ दाखवली. ते म्हणाले, कॅमेऱ्याचाच दिवा पत्र्यावर चमकतोय. मी हो म्हणालो.

मुलगी आली. पस्तिशीची, चष्मा, केस ओढून बांधलेले. ती रडत नव्हती. तिने ते कागद पाहिले, मावशींना विचारलं, मग मला बोलावून घेतलं. मला वाटलं, शिव्या घालेल. घालायलाच हव्या होत्या. मी स्वतःच सांगून टाकलं, "झाकण मी बंद केलं नाही. दोनदा."

"वह्या मी टाकल्या," ती म्हणाली. "तुम्ही एकटे कशाला सगळं अंगावर घेताय?"

मग बोलत राहिली, माझ्याकडे न बघता. "आई लिहायला किती वेळ लावायची माहितीये? मी आले की ती वही काढायची आणि मी म्हणायचे, राहू दे गं, नंतर. फोनवर बाबाच बोलायचे. ती मागून टेबलावर बोटं वाजवायची, म्हणजे मीही आहे. मी म्हणायचे, हो हो आई, कळलं. अकरा वर्षं. काही कळलं नव्हतं मला."

ती परत गेली नाही. आठ दिवसांनी, पोलिसांनी झाकणाला हात लावायची परवानगी दिल्यावर गेलो तर सातव्या मजल्यावर ती झाकणाशी उभी होती. वडील उभे राहायचे तशीच. नोकरीवर रजा कळवली होती, मग राजीनामा. मावशी जिन्यात माझी वाट बघत थांबल्या होत्या. त्यांनी मुठीतला कागद माझ्या हातात दिला. "हा मी तिला दिला नाही," त्या म्हणाल्या. "तुम्हीच बघा."

कागदावर दोन वेगळी हस्ताक्षरं होती. वर बारीक, डावीकडे कललेलं. 'तिला सांगा, रडू नको.'

त्याखाली सुटं, गोलसर, बाटलीवरच्या लेबलावर असतं तसं कंपाउंडरी अक्षर. 'सांगतोय. ऐकत नाही.'

मी जिन्यावर बसलो. काकांना कागदाची गरज कधी पडली नव्हती. बोलायचे ते तोंडाने.

कागद तिला दिला. तिचा होता तो. तिने वाचला, छातीशी धरला, आणि तेव्हा मात्र रडली. मग मी झाकणाला हात लावताच माझ्यावर ओरडली. मी मॅनेजरकडे गेलो. मॅनेजर म्हणाला, फ्लॅट आता तिचा, भांडण नको, चार दिवस जाऊ द्या.

तिसऱ्या दिवशी मावशींचा फोन. "ती खांद्यापर्यंत आत वाकते. आणि आज कागद आलाय तो तुमचा आहे."

"माझा कसा?"

"वर लिहिलंय. झाकणवाल्यास."

मी गेलो. कागदाची घडी घातलेली होती. आत दोन ओळी, दोन हस्ताक्षरांत.

'इथे जागा फार थोडी आहे.'

'बंद करा. ती ऐकणार नाही.'

मी स्प्रिंग बाहेर काढलीच नाही. लोखंडी पट्टी काढली, झाकणाच्या मापाची, आठ भोकांची. मेहुण्याने तिला धरलं. ती लाथा मारत होती, मग थकली, मग पायरीवर बसून राहिली. "एकदाच," ती म्हणत होती. "दादा, एकदाच सांगू द्या. चुकलं एवढंच सांगायचंय."

"सांगा," मी म्हणालो.

मी झाकण बोटभर उघडं धरलं. ती बसल्या जागेवरून बोलली. काय बोलली ते इथे लिहीत नाही.

आतून काही आवाज आला नाही. थोडी ऊब आली फक्त, स्वयंपाकघराच्या दारातून येते तशी.

मग मी झाकण मिटलं. पट्टी लावली. पहिला स्क्रू बसवला.

दुसऱ्या स्क्रूला मी थांबलो. दुपार होती, इमारत शांत होती. माझा हात थांबला तरी लोखंडात स्क्रू फिरल्याचा करकर आवाज अर्धा फेरा पुढे गेला, आणि थांबला.

मी तिसरा लावला. पलीकडूनही तिसरा.

मेहुण्याने माझ्याकडे पाहिलं. मुलीनेही मान वर केली.

चौथा. पाचवा. सहावा. घाई नाही, जोर नाही. म्हाताऱ्या हाताने, दमादमाने.

सातवा घट्ट बसला. मी आठवा भोकात ठेवला, आणि तो हातात तसाच धरून उभा राहिलो.

पलीकडे त्यांनी आपला आठवा पिळून घट्ट केला होता.